मुदत संपलेली डोमेन नावं: कुठे शोधावीत, कुठे पैसे घालावेत

खान्देशातल्या धंद्याला शोभेल असं जुनं, कुणीतरी सोडून दिलेलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, हवं असेल, तर बहुतेक वेळा एक रुपयाही जादा मोजावा लागत नाही. या क्षेत्रातल्या जाहिराती नेमकं उलटं सांगतात, म्हणून हे आधीच सांगायला हवं. सावद्याची केळी, नंदुरबारची मिरची, जळगावची चटई, दाळ, भरिताची वांगी या शब्दांवर परदेशातले डोमेन व्यापारी टपून बसलेले नाहीत. अशी नावं मुदत संपली की गाजावाजा न होता सुटतात आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या भावात मिळतात. पैसे टाकून पकडावी लागतात ती 'गोल्ड', 'बनाना', 'ॲग्रो' असे जगभर कळणारे छोटे शब्द असलेली नावं. म्हणून या परीक्षणात फुकट साधनांना जास्त जागा आहे.

नाव सुटतं कसं

हे कळल्याशिवाय कोणत्याही सेवेला पैसे देऊ नयेत. डॉट कॉम किंवा डॉट नेटची मुदत संपली म्हणजे नाव त्याच रात्री मोकळं होत नाही. पहिला टप्पा सवलतीचा. रजिस्ट्रीच्या, म्हणजे नावांची मूळ नोंदवही ठेवणाऱ्या संस्थेच्या पातळीवर तो ४५ दिवसांपर्यंत असतो आणि त्यातले किती दिवस जुन्या मालकाला साध्या भावात रिन्यू करू द्यायचं ते नाव विकणारी कंपनी ठरवते. कंपनीने नाव काढून टाकलं की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ सुरू होतो. यात जुना मालक नाव परत घेऊ शकतो, पण भरपूर दंड भरून. त्यानंतरचे ५ दिवस पेंडिंग डिलीटचे. या पाच दिवसांत जुन्या मालकालाही काही करता येत नाही, नवीन माणसालाही नाही. मग नाव सुटतं. म्हणजे मुदत संपल्यापासून जास्तीत जास्त ८० दिवस.

नाव कोणत्या टप्प्यात आहे ते आयकॅन या जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या लुकअप (शोध) पानावर फुकट दिसतं. 'क्लायंट होल्ड' दिसलं तर मालकाशी अजून काही भानगड चालू आहे. 'रिडेम्प्शन पिरियड' दिसलं तर महिनाभर थांबा. 'पेंडिंग डिलीट' दिसलं तर तारीख लिहून ठेवा. डोमेनची नोंद बघण्याच्या हूइज या जुन्या पद्धतीवर चालणारी मोबाइल ॲप आता भरवशाची नाहीत. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी हूइज चालवण्याची सक्ती संपली आणि तिची जागा आरडॅप या पद्धतीने घेतली. नोंदी अद्ययावत न झालेलं ॲप 'नाव मोकळं आहे' असं खुशाल खोटं दाखवू शकतं. मालकाचं नाव-पत्ता तर मे २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा आल्यापासून बहुतेक ठिकाणी झाकलेलाच असतो, त्यामुळे 'मालकाला फोन करून बघू' हा मार्ग फारसा उरलेला नाही.

नाव मोकळं आहे का ते आयकॅनच्या पानावर किंवा ओळखीच्या कंपनीकडेच बघावं, कुठल्याही अनोळखी साइटवर नाही. २००८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने ग्राहकांनी शोधलेली नावं स्वतःकडे अडकवून ठेवायला सुरुवात केली होती आणि त्यावरून तिथे दावाही झाला. तशी भीती आज कमी असली तरी नाव सांगत न फिरणं कधीही चांगलं.

एक्स्पायर्डडोमेन्स डॉट नेट: शोधायला सर्वांत चांगलं

दिसायला अगदी रुक्ष. पांढऱ्या पानावर बारीक अक्षरांचा भला मोठा तक्ता. मोबाइलवर उघडू नका, लॅपटॉप घ्या. खातं फुकट उघडतं आणि ते उघडल्याशिवाय गाळण्या (फिल्टर) नीट वापरता येत नाहीत.

आत दोन याद्या कामाच्या: पेंडिंग डिलीट, म्हणजे येत्या पाच दिवसांत सुटणारी नावं, आणि डिलीटेड, म्हणजे सुटलेली नावं. स्थानिक नावांसाठी दुसरी यादी सोन्यासारखी. तिथे गाळणी लावताना 'फक्त मोकळी नावं' ही खूण आधी करावी, नाहीतर सुटून परत कुणी घेतलेल्या नावांचाच ढीग समोर येतो. मग आकडे नकोत, मधली आडवी रेघ नको, लांबी १५ अक्षरांपर्यंत. आडवी रेघ असलेलं नाव फोनवर सांगताना गिऱ्हाईक हमखास चुकतं. आकड्याचंही तेच, 'तीन' म्हणजे अंक की अक्षरी, असा घोळ होतो.

खरी मेहनत शब्द टाकण्यात आहे, आणि इथे बाहेरच्या व्यापाऱ्यापेक्षा खान्देशी माणसाचा हात वरचा ठरतो. आपले शब्द रोमन लिपीत एकाच पद्धतीने लिहिले जात नाहीत. जळगावचा शेवट सरकारी पाटीवर एओएनने होतो, पण नाव घेणारे लोक तो एव्हीने करतात, मध्ये कधी एक ए घालतात तर कधी दोन. खान्देशातला पहिला एच बरेच जण गाळतात. धुळ्याला शेवटी ई लावायची की जुन्या इंग्रजी कागदपत्रांतल्यासारखं आयए, हे लिहिणाऱ्यावर. भरीत एका आयने, दोन ईंनी, शेवटी एच लावून किंवा न लावता. केळी, केले, केला हे तिन्ही शब्द वेगवेगळे शोधा. अहिराणी शब्दांचंही तसंच. एकच स्पेलिंग टाकून 'काही नाही' म्हणणाऱ्याने निम्मी यादी पाहिलेलीच नसते. दहा शब्द घेऊन प्रत्येकाची तीन-चार रूपं लिहून काढावीत आणि आठवड्यातून एकदा सगळी फिरवावीत. अर्ध्या तासाचं काम आहे.

ज्या स्पेलिंगचं नाव सापडलं ते लोक खरंच तसं लिहितात का, ते मात्र तपासा. स्वस्त मिळालं म्हणून विचित्र स्पेलिंग घेतलं तर गिऱ्हाईक नेहमीचं स्पेलिंग टाकून दुसऱ्याच्या दुकानात पोचतं.

तक्त्यातल्या रकान्यांबद्दल. बीएल म्हणजे बाहेरून आलेल्या दुव्यांची संख्या, डीपी म्हणजे ते दुवे किती वेगवेगळ्या साइटवरून आले. एबीवाय म्हणजे इंटरनेट आर्काइव्हमध्ये पहिली नोंद कोणत्या वर्षीची. शेवटचा रकाना उपयोगी, कारण नाव किती जुनं ते कळतं. पहिले दोन पाहून हुरळून जाऊ नये. वीस हजार दुवे आणि ते फक्त चार साइटवरून, असं दिसलं तर तो कुणीतरी यंत्राने पेरलेला कचरा समजावा.

डॉट इनची यादीही इथे आहे, पण ती डॉट कॉमइतकी पक्की समजू नये. डॉट कॉमसारख्या नावांच्या पूर्ण याद्या आयकॅनच्या केंद्रीय सेवेतून अर्ज करणाऱ्याला फुकट मिळतात, त्या रोज ताडून कोणतं नाव गळलं ते काढता येतं. देशांच्या नावांना ती सक्ती नाही. त्यामुळे डॉट इनची नावं यादीत न दिसताही सुटतात. मनात ठरलेलं डॉट इन नाव असेल तर यादीवर विसंबू नका. लुकअपवर मुदतीची तारीख बघून स्वतः पाठपुरावा करा.

एवढं सगळं फुकट देणाऱ्या सेवेला आम्ही पाचपैकी साडेचार देऊ. अर्धा गुण कापला तो मोबाइलवरच्या त्रासासाठी.

वेबॅक मशीन: इथे घाई केली तर पस्तावाल

बाजार समितीत मिरचीचा ढीग समोर असतो, हात घालून ओल बघता येते. डोमेनचा ढीग दिसत नाही. त्यात हात घालायची एकच जागा म्हणजे इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन. १९९६ पासूनची पानं तिथे साठवलेली आहेत आणि २००१ पासून ती सगळ्यांना खुली आहेत. फुकट आहे.

नाव टाकलं की वर्षांची पट्टी येते. सुरुवात बघून थांबू नका, शेवटची दोन-तीन वर्षं बघा. नेहमीचं चित्र असं: २०१२ ते २०१८ कुणाचंतरी सरळ दुकान किंवा शाळा, मग वर्षभर रिकामं, मग अचानक २०२० नंतर जुगाराची, कर्जाची किंवा औषधांची पानं. म्हणजे नाव एकदा सुटलं, कुणीतरी त्याचा रस काढून चोथा टाकला आणि आता ते तुमच्या समोर आलंय. असं नाव सोडून द्या. मराठी दुकानाच्या नावाखाली जपानी किंवा चिनी अक्षरांची शेकडो पानं दिसली तर साइट हॅक झालेली होती.

साठवलेल्या पानांची पूर्ण यादी वेगळ्या टॅबमध्ये दिसते. तिथे पत्त्यांमध्ये 'कॅसिनो', 'लोन', 'व्हायग्रा' असे शब्द शोधा. मुखपृष्ठ साळसूद आणि आतली पानं घाण, असं बऱ्याचदा असतं.

आर्काइव्हनंतर स्पॅमहॉसच्या साइटवर नाव टाकून बघावं. तिथल्या काळ्या यादीत नाव असेल तर त्या नावावरून पाठवलेली मेल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाते किंवा पोचतच नाही. कोटेशन मेलने पाठवणाऱ्या पाइप किंवा चटई कारखान्याला हा फटका वेबसाइट न दिसण्यापेक्षा मोठा. तिसरी तपासणी भारत सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधाची. नाव कुणाच्या नोंदलेल्या ब्रँडचं असेल तर ते सुटलेलं होतं हा बचाव पुरत नाही. डॉट कॉमवर १९९९ पासून यूडीआरपी नावाची तक्रार पद्धत आहे, डॉट इनवर तिचाच भाऊ आयएनडीआरपी. वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर पाच नावांपर्यंतच्या तक्रारीचं शुल्क १५०० डॉलर. ते तक्रारदार भरतो हे खरं, पण निकाल विरुद्ध गेला तर नाव जातं आणि त्यावर लावलेले पैसे, छापलेल्या पिशव्या, रंगवलेल्या पाट्या सगळं वाया.

जुन्या डोमेनने गुगलवर आपोआप वर जाता येतं असं सांगून विकणारे अजूनही आहेत. ५ मार्च २०२४ ला गुगलने स्पॅमच्या नियमांत 'मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर' हा प्रकार नाव घेऊन घातला. जुन्या शाळेच्या नावावर कूपनांची साइट चढवणं आता थेट नियमभंग आहे. जुनं नाव त्याच विषयासाठी, खऱ्या धंद्यासाठी घेतलं तर हरकत नाही. पण 'जुनं आहे म्हणून दहापट किंमत' या बोलीला आता आधार उरलेला नाही.

गोडॅडीचे लिलाव

इथली गोष्ट वेगळी. गोडॅडी या नावं विकणाऱ्या कंपनीकडे नोंदलेलं नाव मुदत संपली की शेवटपर्यंत जाऊन सुटायची वाट बघत नाही. साधारण पंचवीस-तीस दिवसांनी ते लिलावात येतं. लिलाव दहा दिवसांचा. बोली नसेल तर नाव क्लोजआउटमध्ये जातं, तिथे बोली लागत नाही, ठरलेली किंमत दररोज उतरत जाते आणि जो आधी दाबेल त्याचं.

खान्देशी शब्दांची नावं लिलावात दिसली तरी बहुतेक वेळा बोली न लागता क्लोजआउटला येतात. थांबण्याची तयारी असेल तर तिथे घ्या. पण फार ताणू नका. पहिल्या दिवशी महाग, शेवटच्या दिवशी स्वस्त, पण एकाच माणसाला ते आधी आवडलं की संपलं. नाव खरंच धंद्याचं असेल तर मधल्या दिवशी घेऊन मोकळं व्हावं.

तीन गोष्टींत लोक इथे फसतात. पहिली, लिलावाच्या किमतीवर वर्षाच्या रिन्यूअलचे पैसे आणि आयकॅनचं शुल्क वेगळं लागतं. आयकॅनचं शुल्क छोटं आहे, १ जुलै २०२५ पासून २० सेंट. भारतातल्या बिलावर १८ टक्के जीएसटी. दुसरी, लिलाव जिंकला तरी जुन्या मालकाची सवलत संपेपर्यंत तो नाव रिन्यू करू शकतो. तसं झालं तर पैसे परत मिळतात, नाव मिळत नाही. त्या काळात व्हिजिटिंग कार्ड छापू नका. तिसरी, शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटं वाढते. शेवटच्या सेकंदाला बोली टाकून जिंकू हा बेत इथे चालत नाही. जास्तीत जास्त किती द्यायचे ते कागदावर लिहून एकदाच तेवढी बोली टाकावी आणि लॅपटॉप बंद करावा. बोलीचा ताव फार वाईट, तो बाजार समितीत चढतो तसाच इथेही चढतो.

बोलीच्या मर्यादेबद्दल आणखी एक सार्वजनिक नोंद लक्षात ठेवण्यासारखी. स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीने नोव्हेंबर २००९ मध्ये स्वतःच जाहीर केलं की त्यांचा एक कर्मचारी २००५ पासून टोपणनावाने लिलावांत बोली लावत होता. बाधित ग्राहकांना फरकाची रक्कम व्याजासह देऊ केली गेली. समोरून बोली चढवणारा खरा खरेदीदार आहे की नाही, हे पडद्यावरून कळत नसतं. आपली मर्यादा आपण ठरवणं एवढंच आपल्या हातात.

गोडॅडीच्या लिलावाला आम्ही साडेतीन देऊ. व्यवहार स्वच्छ, सोपा, रुपयात बिल. पण पानावर नको त्या गोष्टी गळ्यात मारायचा आग्रह फार, पैसे भरताना टोपलीत काय काय आलंय ते दोनदा बघा.

ड्रॉपकॅच: चांगली, पण आपल्याला क्वचितच लागणारी

सुटणारं नाव त्याच क्षणी आपल्यासाठी पकडून देणारी ही सेवा. डॉट कॉमची नावं रोज एका ठरलेल्या वेळेला सुटायला लागतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. त्या क्षणी ब्राउझर उघडून बसलेला माणूस चांगलं नाव पकडूच शकत नाही. कारण साधं आहे. आयकॅनची मान्यता असलेल्या प्रत्येक कंपनीला रजिस्ट्रीशी सारख्याच जोडण्या मिळतात, म्हणजे ठराविक वेळेत ठराविकच मागण्या करता येतात. ज्याच्याकडे जास्त मान्यता, त्याचे हात जास्त. ड्रॉपकॅचच्या मालक कंपनीने २०१६ मध्ये एका फटक्यात ५०० मान्यता घेतल्या आणि एकूण आकडा हजाराच्या पुढे नेला. प्रत्येक मान्यतेची वार्षिक फी ४००० डॉलर. एवढा खर्च कुणी का करतो ते यावरून कळावं.

बॅकऑर्डर, म्हणजे नाव सुटताच पकडण्याची आगाऊ मागणी, टाकायला पैसे लागत नाहीत, नाव पकडलं गेलं तरच लागतात. मूळ दर ५९ डॉलर. डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर पाच हजारांपासून पाच हजार तीनशेपर्यंत. वर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क, साडेतीन टक्के असेल तर जीएसटी धरून आणखी दोनशेच्या आसपास. एकाहून जास्त लोकांनी बॅकऑर्डर टाकली असेल तर तीन दिवसांचा लिलाव, आणि मग ५९ ही फक्त सुरुवात.

याच्या समोर हाताने नोंदवलेल्या डॉट कॉमचा हिशोब ठेवा. डॉट कॉमची रजिस्ट्री चालवणाऱ्या व्हेरिसाइनचा घाऊक दर १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर आहे. क्लाउडफ्लेअर ही कंपनी नफा न घेता जवळपास त्याच भावात नाव देते, अट एवढीच की नेमसर्व्हर, म्हणजे नाव कोणत्या साइटकडे न्यायचं ते सांगणारे संगणक, त्यांचेच ठेवावे लागतात. बाकी कंपन्या पहिल्या वर्षी स्वस्त देऊन पुढे वाढवतात, म्हणून नेहमी दुसऱ्या वर्षाचा दर विचारा.

म्हणजे फैजपूरच्या वेफरवाल्याने बॅकऑर्डर टाकायची का? त्याचं नाव तीन शब्दांचं, गावाच्या नावासकट असेल तर नाही. सुटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन हजार-बाराशेत घ्यावं. एका इंग्रजी शब्दाचं किंवा चार-पाच अक्षरांचं असेल, आणि त्याशिवाय धंदा अडत असेल, तरच टाकावी.

दोष सांगायचा तर, पकडलेलं नाव त्यांच्याच नेमब्राइट या कंपनीच्या खात्यात येतं. नवीन नोंदणीनंतर साधारण ६० दिवस दुसरीकडे हलवता येत नाही. आपली बाकीची नावं दुसरीकडे असतील तर हे खातं विसरलं जातं आणि वर्षाने तेच नाव परत सुटतं. ६१ व्या दिवसाची आठवण फोनमध्ये लावा. सेवा म्हणून चार गुण, खान्देशातल्या गरजेला म्हणून दोन.

आंतरराष्ट्रीय पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू करावा लागतो, तो मुळात बंद असतो. लिलाव जिंकून कार्ड नाकारलं गेलं तर खातं बाद होऊ शकतं.

डॉट इन आणि डॉट भारत

स्थानिक धंद्याला डॉट इन पुष्कळ झालं. निक्सी या डॉट इन सांभाळणाऱ्या भारतीय संस्थेच्या हाताखाली २००५ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. सुटलेली चांगली नावं अजून मिळतात आणि गर्दी कमी. बॅकऑर्डर घेणाऱ्या परदेशी सेवांच्या यादीत डॉट इन आहे का ते आधी बघा, सगळ्यांकडे नसतं. नाव पेंडिंग डिलीटमध्ये गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळ, दुपार, रात्र असं तीनदा तपासणं हाच साधा उपाय.

देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं. 'भरीत' किंवा 'अहिराणी' असं नाव आपल्या लिपीत दिसतं तेव्हा बरं वाटतं, यात शंका नाही. पण सुटलेल्या नावांच्या यादीत देवनागरी शब्द टाकून ते सापडत नाही. तिथे एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं त्याचं रोमन रूप शोधावं लागतं, ते फुकटच्या पनीकोड रूपांतरकातून मिळतं. मेलसाठी हे नाव एकटं वापरू नका, अनेक फॉर्म आणि जुनी सॉफ्टवेअर ते स्वीकारत नाहीत. डॉट इनच्या जोडीला, पाटीवर लिहायला घ्या.

नाव हातात आल्यावर

पहिल्याच दिवशी 'कोणताही पत्ता टाकला तरी मेल इकडे यावी' ही सोय चालू करू नका. जुन्या मालकाची बँकेची पत्रं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, पासवर्ड बदलण्याचे दुवे सगळं तुमच्याकडे येईल. ते वाचणं नैतिकदृष्ट्या चूक आहे आणि कायद्याच्या अंगानेही अंगावर येऊ शकतं. आपल्याला हवे तेवढेच दोन-तीन पत्ते उघडा.

सीआरटी डॉट एसएच या साइटवर नाव टाकून जुनं सुरक्षा प्रमाणपत्र अजून चालू आहे का बघा. २०२० पासून प्रमाणपत्र जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं होतं, १५ मार्च २०२६ पासून ती मर्यादा २०० दिवसांवर आली. जुन्या मालकाकडचं प्रमाणपत्र चालू असेल तर देणाऱ्या संस्थेला कळवून ते रद्द करून घेता येतं.

मग गुगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात नाव जोडा आणि दोन पानं उघडा: मॅन्युअल ॲक्शन्स आणि रिमूव्हल्स. पहिल्यात जुन्या मालकाच्या पापाची शिक्षा दिसते. ती असेल तर साइट साफ करून फेरविचाराचा अर्ज करावा लागतो. दुसऱ्यात जुन्या मालकाने पानं गुगलमधून लपवून ठेवलेली दिसतात. तो आदेश साधारण सहा महिने टिकतो, आणि 'साइट गुगलवर येतच नाही' या तक्रारीचं कारण कधीकधी तेवढंच असतं. आदेश रद्द केला की काम झालं.

वेबॅकमध्ये चूक राहून गेली आणि नाव घेतल्यावर घाण दिसली तर लगेच हालचाल करा. हाताने केलेल्या नवीन नोंदणीत पहिल्या पाच दिवसांत रद्द केलं तर काही कंपन्या पैसे परत देतात, कारण रजिस्ट्री त्यांना ते परत देते. लिलावातल्या नावाला ही सोय नसते.

आपलंच नाव सुटत असेल तर

शोधाच्या यादीत खान्देशातली जी नावं दिसतात त्यांतली कितीतरी मालकाने सोडलेली नसतात, त्याच्या नकळत गेलेली असतात. जळगावच्या गोलाणीत किंवा धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांत ज्याने साइट बनवून दिली, त्याने नाव स्वतःच्या मेलवर घेतलेलं. तो नोकरीला पुण्याला गेला, मेल बघणं थांबलं. आयकॅनच्या नियमाप्रमाणे मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना पाठवावीच लागते. पण ती जाते नोंदीतल्या मेलवर, दुकानात नाही.

दुसरं कारण कार्ड. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेट (आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीच्या) नियमांमुळे परदेशी कंपन्यांचं आपोआप रिन्यूअल भारतीय कार्डावर बऱ्याचदा अडतं. 'ऑटो रिन्यू चालू आहे' या हिरव्या खुणेवर विसंबू नका. डॉट कॉम दहा वर्षांपर्यंत एकदम भरता येतं, तीन-पाच वर्षांचं भरून टाकावं.

नाव सवलतीच्या काळात असेल तर आजच्या आज रिन्यू करा. रिडेम्प्शनमध्ये गेलं असेल तर दंड नेहमीच्या रिन्यूअलच्या कित्येक पट, तरीही भरा. पेंडिंग डिलीटमध्ये गेलं असेल तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. तेव्हा स्वतःच्याच नावावर बॅकऑर्डर टाका, कारण चालू साइटचं नाव दुसरं कुणी हेरण्याची शक्यता जास्त असते. आणि साइटवाला अजून गावात असेल तर आजच त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: नाव कोणत्या कंपनीकडे आहे, मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि हलवण्यासाठी लागणारा ईपीपी कोड. काही कंपन्यांचा कोड थोड्याच दिवसांत शिळा होतो. हातात आला की त्याच आठवड्यात नाव स्वतःच्या खात्यात ओढून घ्या आणि नोंदीतला मेल व मोबाइल दुकानाचा करा.